धनियाची कुटी आणि बेघरांचे छप्पर
(‘अनगारिय’ या संकल्पनेचे पुनर्वाचन)

१

बौद्ध साहित्यावरील मराठी लेखनात आणि विहारांतून होणाऱ्या प्रवचनांत एक विधान अनेकदा कानी पडते. तथागतांनी गृहत्याग केला, बोधिप्राप्तीनंतर पंचेचाळीस वर्षे चारिका केली, वृक्षातळी आणि गुहांमध्ये वास्तव्य केले. म्हणून घर नसणे ही बौद्ध दृष्टीने हीन अवस्था नव्हे, उलट ती मुक्तीला जवळची अवस्था आहे, असे ते विधान होय. विधान करणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. ज्याला घर नाही त्याला धीर द्यावा, घराच्या मागे ऊर फुटेपर्यंत धावणाऱ्याला थोडे थांबवावे, एवढाच त्यामागचा भाव असतो. परंतु हेच विधान जेव्हा पनवेलच्या रेल्वे स्थानकाबाहेर किंवा महामार्गाच्या पुलाखाली रात्र काढणाऱ्या माणसाला लागू केले जाते, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. दुःखाचे निदान करणारा धम्म तेथे दुःखाचे समर्थन करू लागतो.

हा अर्थविपर्यास कोठून येतो, याचा शोध पाली साहित्याच्या आधारे घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘अनगारिय’ हे पालीत एका निवडीचे नाव आहे आणि ‘बेघर’ हे मराठीत एका अन्यायाचे नाव आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. दोन्ही शब्दांची घडण सारखी, दोहोंत नकारवाचक उपसर्ग. त्यामुळे त्यांची गल्लत सहज होते. मात्र पालीतील प्रव्रज्येच्या ठरीव वाक्यप्रयोगात ‘अगारस्मा’ ही पंचमी आधी येते आणि ‘अनगारियं’ ही द्वितीया नंतर येते, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरातून निघून घर नसलेल्या स्थितीकडे जावयाचे आहे. व्याकरणानेच येथे एक अट घातली आहे. ज्याला घर आहे तोच घरातून निघू शकतो. ज्याला ते कधी मिळालेच नाही, त्याच्या वाक्यात पंचमीला जागाच नाही.

२

या विषयाच्या चर्चेत सर्वाधिक दाखला दिला जातो तो सुत्तनिपाताच्या उरगवग्गातील धनियसुत्ताचा. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केल्यामुळे हे सुत्त मराठी वाचकांस अपरिचित नाही. मही नदीच्या तीरावर राहणारा धनिय गोप आणि त्याच तीरावर एका रात्रीपुरते थांबलेले भगवान बुद्ध यांचा हा गाथाबद्ध संवाद. पावसाचे ढग दाटून आले आहेत. धनिय आपल्या समृद्धीचे एकेक अंग सांगतो. भात शिजला आहे, दूध काढून झाले आहे, कुटी शाकारलेली आहे, अग्नी प्रज्वलित आहे. तेव्हा पावसाला यावयाचे असेल तर त्याने खुशाल यावे. भगवान त्याच चालीवर आणि जवळजवळ त्याच ध्वनींत उत्तर देतात. क्रोध गेला आहे, मनातील खिळे निघाले आहेत, कुटी उघडी आहे, अग्नी विझला आहे. तेव्हा पावसाला यावयाचे असेल तर त्याने खुशाल यावे. धनियाच्या ‘पक्कोदनो’ या शब्दाला भगवानांचा ‘अक्कोधनो’ हा शब्द ध्वनीने बिलगतो आणि अर्थाने दूर जातो. पाली काव्यातील श्लेषाचा आणि अनुप्रासाचा इतका नेमका उपयोग फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

सामान्य वाचन येथेच थांबते. धनियाचे छप्पर असलेले घर एका बाजूस, बुद्धांची छप्पर नसलेली कुटी दुसऱ्या बाजूस, आणि विजय छप्पर नसलेल्या कुटीचा. परंतु अट्ठकथाकारांनी ‘कुटी’ या शब्दाचा अर्थ भगवानांच्या पक्षी ‘आत्मभाव’, म्हणजे हा देह, असा केला आहे. तिच्यावरील आच्छादन म्हणजे क्लेशांचे आच्छादन. ते दूर झाले म्हणून ती ‘विवट’, उघडी. विझलेला अग्नी हा राग, द्वेष आणि मोह यांचा. म्हणजे धनिय ज्या छपराविषयी बोलतो ते गवताचे आहे आणि भगवान ज्या छपराविषयी बोलतात ते तृष्णेचे आहे. दोन छपरांची ही तुलना नाहीच. घर शाकारणे हा दोष आहे, असे सुत्तात कोठेही म्हटलेले नाही. छप्पर आहे म्हणून मी निर्भय आहे, हा धनियाचा समज भगवान तपासतात. पाऊस कोसळतो, सखल आणि उंच जमीन जलमय होते, आणि मग धनिय आपल्या पत्नीसह शरण येतो. धनियाला उपदेश करण्यासाठी भगवानांनी त्याचे घर मोडले नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

या सुत्ताच्या वाचनात आणखी एक बाब सहसा नजरेआड होते. संवादाच्या मध्यावर धनिय अभिमानाने सांगतो की, मी स्वतःच्याच मिळकतीवर जगतो. त्यावर भगवान म्हणतात की, मी कोणाचाही भतक नाही. ‘भतक’ म्हणजे वेतनावर राबणारा मजूर. दोघांच्याही निर्भयतेचा पाया येथे उघड होतो. एकाला स्वतःची गुरे आहेत, दुसरा सर्व दास्यातून मुक्त आहे. म्हणजे दोघेही परक्याच्या वेतनावर अवलंबून नाहीत. मग प्रश्न असा की, जो भतक आहे त्याची कुटी कशी होती? ती शाकारलेली होती की उघडी? आणि ढग दाटून आल्यावर पावसाला खुशाल ये म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते काय? सुत्तात तो प्रत्यक्ष कोठेच येत नाही. त्याचा उल्लेख येतो तो केवळ ‘मी तो नाही’ अशा नकाराने. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या उत्कृष्ट काव्यातील ही रिकामी जागा आहे आणि आजचा बेघर माणूस नेमका त्या जागी उभा आहे. त्याला धनियाच्या बाजूस बसवून तृष्णा सोडण्याचा उपदेश करता येत नाही, कारण त्याच्यापाशी छप्पर नाही. आणि बुद्धांच्या बाजूस बसवून त्याचा गौरवही करता येत नाही, कारण त्याने काहीही सोडलेले नाही.

३

प्रव्रज्येला स्वातंत्र्याची पूर्वअट होती, हे विनयपिटकावरूनही सिद्ध होते. महावग्गाच्या पहिल्या खंधकात प्रव्रज्या कोणाला देऊ नये, याचे नियम आहेत. त्यांत दास, ऋणको आणि राजाच्या सेवेतील सैनिक यांचा समावेश आहे. या नियमांमागे तत्कालीन राजसत्तेशी आणि धनकोंशी संघर्ष टाळण्याचा व्यवहार होता, हे खरे. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष टळत नाही. दास आणि कर्जबाजारी मनुष्य घर सोडून जाऊ शकत नव्हता, कारण त्याचे स्वतःचे असे काही नव्हते. त्याचा देहदेखील दुसऱ्याकडे गहाण होता. अंगुत्तरनिकायातील इणसुत्तात तर कामभोगी गृहस्थासाठी दारिद्र्य हे दुःखच होय, असे स्पष्ट सांगून दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा आणि शेवटी बंधन अशी साखळी दाखविली आहे. दारिद्र्य हा साधनेचा अलंकार आहे, असे तेथे म्हटलेले नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घर सोडलेल्या भिक्खूला संघाने आणि समाजाने उघड्यावर सोडले नाही. चीवर, पिंडपात, सेनासन आणि औषध हे चार प्रत्यय त्याला मिळावेत, ही व्यवस्था होती. त्यांतील सेनासन म्हणजे निवारा. चुल्लवग्गाच्या सेनासनखंधकात त्याची कथा येते. राजगृहाच्या श्रेष्ठीने पहाटे भिक्खूंना अरण्यातून, वृक्षातळांवरून, स्मशानांतून, गवताच्या गंजींतून बाहेर पडताना पाहिले. मी विहार बांधले तर आपण त्यांत राहाल काय, असे त्याने विचारले. भगवानांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुज्ञा दिली आणि श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले. हे दान आलेल्या आणि पुढे येणाऱ्या चारही दिशांच्या संघाला होते. त्या प्रसंगीच्या अनुमोदनेत निवाऱ्याचे जे गुण सांगितले आहेत, ते कोणत्याही अध्यात्माचे नाहीत. थंडी अडते, ऊन अडते, श्वापदे आणि सरपटणारे प्राणी अडतात, डास अडतात, पाऊस अडतो. ध्यानाला बसण्यासाठीसुद्धा प्रथम डास आणि पाऊस अडावा लागतो, हे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांना छपराचे मोल ठाऊक होते.

वर्षावासाचे नियम याहूनही बोलके आहेत. पावसाळ्यात निवाऱ्यावाचून वर्षावास करू नये, असा स्पष्ट दंडक महावग्गात आहे. उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, झाडाच्या बेचक्यात, प्रेतांच्या झोपडीत, छत्रीखाली किंवा रांजणात वर्षावास करू नये, अशी यादीही आहे. यादी विनोदी वाटेल. पण नियम घडून गेलेल्या प्रसंगांवरून केले जातात, म्हणजे कोणीतरी रांजणात पावसाळा काढला असला पाहिजे. आता या यादीशेजारी भारताच्या २०११ च्या जनगणनेतील बेघरांची व्याख्या ठेवून पाहावी. जे जनगणनेच्या अर्थाने घरात राहत नाहीत, जे रस्त्याकडेला, पदपथावर, ह्यूम पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या मंडपांत, रेल्वे फलाटांवर राहतात, ते बेघर होत. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री त्यांची मोजणी झाली. देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसे अशा स्थितीत आढळली. विनयातील रांजण आणि जनगणनेतील ह्यूम पाइप यांत अंतर दोन सहस्रकांचे आहे, आकार मात्र एकच आहे. फरक एवढाच की, विनयाने रांजणात राहण्यास मनाई करून त्याला पर्यायी सेनासन दिले. आपण पाइपांत राहणाऱ्याची नोंद केली.

४

येथे मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना पदपथांवरील आणि झोपड्यांतील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध झालेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निर्णयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. माणूस पदपथावर राहतो तो कामाच्या जवळ राहावे म्हणून. पदपथ गेला तर काम जाते आणि काम गेले तर जगणे जाते, हा त्यामागील तर्क. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि सर्वांसाठी पर्यायी जागा ही हटविण्याची पूर्वअटही मानली नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये, असे सांगितले.

वर्षावासाचा नियम आणि ही तारीख यांत एक आंतरिक नाते आहे. दोहोंनी पावसाळ्याला माणुसकीची किमान सीमा मानले. पण विनयाची सीमा निवारा मिळण्याची आहे आणि न्यायालयाची सीमा निवारा काढून घेण्याची आहे. पुढे २०१० मध्ये अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक, बारमाही आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे निर्देश दिले, तेव्हा ही दिशा काहीशी पालटली. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. तिच्या क्षेत्राची २०११ ची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. त्या जुन्या आकड्याने हिशेब केला तरी किमान पाच निवारे येतात. हा हिशेब दयेचा नसून निर्देशाचा आहे.

५

दयेची मर्यादा पाली साहित्यातील एका कथेत फार सूक्ष्मपणे उमटली आहे. मज्झिमनिकायातील घटिकारसुत्तात कस्सप बुद्धांच्या काळचा एक कुंभार येतो. तो आपल्या वृद्ध आणि अंध आईवडिलांचा सांभाळ करतो. म्हणूनच तो प्रव्रज्या घेत नाही. पावसाळ्यात कस्सप बुद्धांची कुटी गळू लागते. भिक्खू घटिकाराच्या घराचे गवत काढून आणतात. घरातील अंध वृद्ध विचारतात, छप्पर कोण काढीत आहे? उत्तर मिळताच ते आनंदाने संमती देतात. घटिकार परतल्यावर त्यालाही अपार आनंद होतो. पुढे तीन महिने त्या घराला आकाशाचेच छप्पर राहिले आणि तरीही त्यात पाऊस पडला नाही, असे सुत्त सांगते.

श्रद्धाळू वाचक या कथेत दानाची पराकाष्ठा पाहतो. चिकित्सक वाचकाने तिच्या शेवटाकडे पाहावे. पाऊस पडला नाही, हे निवेदकाला का सांगावे लागले? कारण अंध म्हाताऱ्यांना तीन महिने भिजत ठेवून ती कथा पूर्ण करणे त्याच्या विवेकाला मानवले नाही. गरिबाच्या घराचे छप्पर काढल्यावर कथेचा तोल सांभाळण्यासाठी एका चमत्काराची गरज पडली. कोकणातील पाऊस असा चमत्कार करीत नाही. ज्या विकासासाठी गरिबाच्या डोक्यावरील गवत काढले जाते, त्या विकासाच्या कथेत तर चमत्काराऐवजी आश्वासन येते.

पनवेल परिसराचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक शेतकऱ्यांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा वस्त्या हलविण्यात आल्या आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीनधारकांनी लढून जे मिळविले ते त्यांच्या हक्काचेच होते, त्याविषयी किंतु नाही. पण साडेबारा टक्क्यांच्या योजनेचा पाया जमीनधारणा हा होता. धनियाला त्याच्या कुरणाचा काही मोबदला मिळाला. भतकाच्या नावावर मुळात कुरण नव्हते, तर टक्केवारी कशाची काढणार?

या भतकाचे रायगड जिल्ह्यातील सर्वांत जुने नाव कातकरी हे आहे. खैरापासून कात काढणारी ही जमात शासनदप्तरी विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणली जाते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जावयाचे, उघड्या रानात पाला-पाचटाची झोपडी घालावयाची आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परतावयाचे, असा तिचा वर्षक्रम. ज्याच्या हातून इतरांच्या घरांची वीट भाजून निघते, त्याची वाडी अनेक ठिकाणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी असते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही जमीनमालकाने कुंपण घातले की, वाडीची वाट बंद होते. भिक्खू आठ महिने चारिका करी आणि पावसाळ्यात संघाच्या सेनासनात स्थिरावे. कातकरीही आठ महिने फिरतो आणि पावसाळ्यात स्थिरावतो, पण परक्याच्या जमिनीवर. बाहेरून हे दोन्ही वर्षक्रम सारखे दिसतात. त्यांतील भेद ज्याला दिसत नाही, त्याने पाली वाचली असली तरी रायगड जिल्हा वाचलेला नाही.

६

मराठी दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी हा भेद पाली पंडितांच्या कितीतरी आधी ओळखला होता. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील कावाखान्याचे वर्णन घेतले, तर एकाच खोलीत अनेक बिऱ्हाडे कोंबलेली दिसतात. तेथे घर आहे, पण अगार नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये कैकाडी कुटुंबाचे सारे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे. गावोगाव फिरणे ही तेथे चारिका नाही. गाव राहू देत नाही म्हणून केलेली ती वाटचाल आहे. ‘उपरा’ या एका शब्दाने जे सांगितले, ते ‘अनगारिय’ या शब्दाच्या नेमके उलट आहे. अनगारिकाचे सर्व गावांत स्वागत होते, कारण त्याला कोठेच राहावयाचे नसते. उपऱ्याला सर्व गावे हाकलतात, कारण त्याला कोठेतरी राहावयाचे असते. पुढे याच लेखकाने बौद्ध धम्माचा स्वीकार केला, हे लक्षणीय आहे. धम्माने त्याला फिरण्याचे तत्त्वज्ञान द्यावे म्हणून तो आला नसून, माणूस म्हणून ठाव मिळावा म्हणून आला.

या प्रश्नाचे मूळ बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा विदेशातील विद्यापीठांतून शिकून आलेल्या त्या विद्वानाला शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. शेवटी रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढला. हा वृत्तान्त त्यांनीच लिहून ठेवला असून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पदव्या होत्या, नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. तरीही घर नव्हते. बेघरपणा हा निव्वळ पैशाचा प्रश्न नसून तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, हे याहून स्पष्टपणे कोणता दाखला सांगणार? आपण पुढे उभारलेल्या घराला बाबासाहेबांनी ‘राजगृह’ हे नाव दिले. पहिल्या साठ विहारांच्या नगरीचे ते नाव आहे.

हा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाने बुद्धांच्या गृहत्यागाची कथा पुन्हा लिहिली, तेव्हा काय घडले? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ विरक्त झाला, ही परंपरागत कथा नाकारली. त्याऐवजी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला कलह त्यांनी केंद्रस्थानी आणला. कोसंबींनीही या कलहाचे महत्त्व ओळखले होते. परंतु बाबासाहेबांनी त्यात जो तपशील गुंफला आहे, त्याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. युद्धाला विरोध करणाऱ्या सिद्धार्थापुढे सेनापती शिक्षा ठेवतो. देहदंड किंवा हद्दपारी, कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि कुटुंबाच्या जमिनीची जप्ती. सिद्धार्थ स्वतःची शिक्षा स्वीकारतो. पण कुटुंबाला बहिष्कृत करू नका, त्यांच्या उपजीविकेची जमीन हिरावून घेऊ नका, अशी विनंती करतो. मग परिव्राजक होऊन देश सोडण्याचा मार्ग तो निवडतो.

या पुनर्रचनेचा अर्थ मोठा आहे. येथे सिद्धार्थ घर सोडतो ते घराचा वीट आल्यामुळे नव्हे. आपल्या माणसांचे घर आणि शेत राहावे म्हणून तो स्वतः अनगारिक होतो. बहिष्कार आणि जमिनीवाचून राहणे म्हणजे काय, हे ज्याच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, तोच लेखक ही अट कथेत घालू शकतो. ऐतिहासिक पुराव्याच्या दृष्टीने या प्रसंगावर वाद होऊ शकतो आणि तो पालीच्या अभ्यासकांनी घातलाही आहे. परंतु ‘अनगारिय’ या संकल्पनेचे भाष्य म्हणून पाहिल्यास तो प्रसंग अचूक आहे. कोणाचेही घर जाऊ नये यासाठी स्वेच्छेने घर सोडणे, हीच बाबासाहेबांच्या मते प्रव्रज्येची नैतिक कसोटी ठरते. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारलेला प्रश्न, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव की समाजसेवक, या कसोटीशी जोडूनच वाचला पाहिजे. आणि १९५० च्या ‘बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य’ या निबंधात त्यांनी धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, असे सांगितले, तेही याच विचाराचे दुसरे टोक होय.

७

मग धम्माच्या दृष्टीने आदर्श घर कोणते? त्याचे उत्तर दीघनिकायातील कूटदंतसुत्तात आहे. राज्यात चोर-दरोडेखोर माजले असता राजाने कर वाढवून यज्ञ करावा काय, हा प्रश्न येतो. पुरोहित सांगतो, शिक्षा आणि वध यांनी हा उपद्रव शमणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला अन्न आणि वेतन द्या. राजा तसे करतो आणि लोक मुलांना कडेवर खेळवीत, दारे उघडी ठेवून राहू लागतात. धनियसुत्तातील उघडी कुटी आणि कूटदंतसुत्तातील उघडे दार या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की, सारा घोळ उलगडतो. पहिली व्यक्तीच्या मुक्तीची प्रतिमा आहे. दुसरी समाजाच्या न्यायाची. उघड्या दाराला आधी भिंत लागते, चौकट लागते, डोक्यावर छप्पर लागते. समाजाने दुसरी प्रतिमा साकार केल्याखेरीज गरिबाला पहिली ऐकविण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

पुरोहिताने नाकारलेला शिक्षेचा मार्ग आपल्याकडे १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने चोखाळला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भिक्षेकऱ्याप्रमाणे भटकणे किंवा राहणे हेसुद्धा त्याच्या व्याख्येत बसते. दिल्लीत लागू असलेली त्यातील अनेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. ज्या धम्माचा साधक ‘भिक्खु’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या अनुयायांनी या कायद्याची चिकित्सा इतरांआधी करावयास हवी होती.

अखेरीस आपल्याविषयी. आपल्या वस्त्यांतील विहार लोकवर्गणीतून, हाडाची काडे करून उभे राहिले आहेत. प्रत्येक विहाराने रात्रनिवारा चालवावा, असा माझा आग्रह नाही. तसे केल्यास शासनाचे कर्तव्य पुन्हा गरिबांच्याच वर्गणीवर ढकलले जाईल, आणि दानाने हक्काची जागा घेतली की, काय होते ते घटिकाराच्या कथेत आपण पाहिलेच. परंतु ‘विहार’ या शब्दाचा मूळ अर्थ निवास असा आहे, हे विसरू नये. आपल्या प्रभागात रात्री उघड्यावर झोपणारे किती, याची मोजणी विहाराची समिती करू शकते. दर लाखामागे एक या निर्देशाप्रमाणे निवारे कोठे आहेत, हे महापालिकेला लेखी विचारू शकते. शिधापत्रिकेसाठी पत्ता नसलेल्याच्या पाठीशी उभी राहू शकते. वाडीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या कातकऱ्याच्या सोबत तहसील कचेरीत जाऊ शकते. यांतील एकाही कामाला मोठा निधी लागत नाही.

आणि प्रवचनकारांना विनंती एवढीच की, धनियसुत्त जरूर सांगावे. मात्र ते ज्यांना छप्पर आहे त्यांना सांगावे. ज्यांना ते नाही, त्यांच्यासाठी कूटदंतसुत्त आहे, आणि ते त्यांना नव्हे, राज्यकर्त्यांना ऐकवावयाचे आहे.